व्यक्तिचित्राची पाठ वाचायची कशी? (लेबलं, प्रदर्शनांचा इतिहास, आणि कोल्हापूरहून मुंबईला चित्र पाठवणं : टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची एक चर्चा)

पंचगंगाकाठ :
एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात संस्थापकांचं तैलचित्र आहे. फ्रेममधून दिसणारा भाग साधारण साडेएकोणतीस × साडेचोवीस इंच, फ्रेम सागवानी, वर काच. उजवीकडे खाली कोल्हापूरच्याच चित्रकाराची सही, साल नाही. मुंबईच्या एका संग्रहालयाने व्यक्तिचित्रांच्या प्रदर्शनासाठी ते चार महिने मागितलंय. त्यांच्या फॉर्मातले दोन रकाने अडलेत : 'प्रदर्शनांचा इतिहास' आणि 'सद्यस्थिती'. चित्राला प्रदर्शनात पदक मिळालं होतं असं संस्थेत सगळे सांगतात. फ्रेमवर तशी पितळी पट्टीही आहे, तिच्यावर 'सुवर्णपदक' आणि साल कोरलंय. मागची बाजू खाकी कागदाने पूर्ण बंद. कागदावर एक छापील लेबल अर्धं फाटलेलं, एक हाताने लिहिलेलं, आणि खडूचा एक आकडा. फ्रेमवाला म्हणतो कागद सडलाय, ओरबाडून टाकू आणि नवा हार्डबोर्ड ठोकू, तासाभराचं काम. करू द्यावं का?

तिरकाउजेड :
अजिबात नको. तुम्हाला जो इतिहास भरायचाय तो त्या कागदावर आणि कागदामागे आहे. कागद सडलेला असला तरी तो पुरावा आहे.

आधी फोटो. चित्र भिंतीवरून उतरवायला दोघं जण लागतात, आणि फ्रेम दोन्ही बाजूंनी धरायची, वरच्या पट्टीला धरून उचलायची नाही. पाठीचा पूर्ण फोटो, मग चारही कोपरे, मग प्रत्येक लेबल वेगळं, शेजारी पट्टी ठेवून. खडूचा आकडा सर्वांत आधी टिपा, कारण हात लागला की तो गेला. पुसट अक्षरांसाठी खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा, १० ते १५ अंशांत. पेन्सिलचा दाब उठून दिसतो.

मग कागद. टेबलावर जाड फोम किंवा घडी घातलेल्या सुती चादरीच्या चार गाद्या चार कोपऱ्यांना ठेवा, फ्रेम त्यांवर पालथी. काचेवर भार येता कामा नये. कटरला नवं पातं लावून फ्रेमच्या आतल्या कडेपासून अर्धा इंच सोडून कागद चारी बाजूंनी कापा. पातं उथळ धरा, खाली कॅनव्हास आहे. कागद अखंड निघाला पाहिजे. पाणी लावून सोडवायचा मोह होईल, तो आवरा. जुन्या छापील लेबलांवर पेनने भरलेली शाई पाण्याने पसरते आणि खळ सुटली की लेबलाचे पापुद्रे निघतात. काढलेला कागद दुमडू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. पुठ्ठ्यावर तारीख घाला.

खासबाग :
फ्रेमवाल्याला दोष देऊ नका ओ. त्याच्या धंद्यात स्वच्छ पाठ म्हणजे चांगलं काम. त्याला आधी सांगायचं, जुनं काही टाकायचं नाही, पाचर (कॅनव्हास ताणायला चौकटीच्या कोपऱ्यांत ठोकतात ती) नाही, चूक (बारीक खिळा) नाही, कागद नाही. कोल्हापुरात जुन्या चित्रांचा निम्मा इतिहास असाच फ्रेमच्या दुकानांच्या केराच्या टोपलीत गेलाय.

जुनीचौकट :
मागची लेबलं सगळी एका वजनाची नसतात. कशावर चिकटलीत त्यावर त्यांची किंमत ठरते.

कॅनव्हासच्या पाठीवरचं लिखाण सर्वांत पक्कं, कारण ते चित्रापासून सुटत नाही. त्याखालोखाल कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलाय त्या स्ट्रेचरवरचं. स्ट्रेचर बदलला जाऊ शकतो, पण रोज नाही. फ्रेमवरचं लेबल त्याहून कच्चं. आणि खाकी कागदावरचं फक्त एवढं सांगतं की हा कागद चिकटवल्यानंतर केव्हातरी कुणीतरी हे लावलं. पितळी पट्टी तर फ्रेमची आहे, चित्राची नाही. १९११ साली मोनालिसा लूव्हरमधून चोरीला गेली तेव्हा फ्रेम आणि काच जिन्यातच सापडली होती. फ्रेमवर काय लिहिलंय त्यावरून चित्र ओळखायचं म्हटलं तर दोन वर्षं त्यांच्याकडे मोनालिसा होतीच म्हणायची.

जुन्या कला-प्रदर्शनांच्या प्रवेश-लेबलावर साधारण पाच गोष्टी असत : चित्रकाराचं नाव, पत्ता, चित्राचं शीर्षक, किंमत किंवा 'विक्रीसाठी नाही', आणि अनुक्रमांक. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची. त्यांच्या प्रदर्शनांचे छापील कॅटलॉग निघत. लेबलावरचा क्रमांक आणि कॅटलॉगमधला क्रमांक जुळला, शीर्षक जुळलं, किंमत जुळली, तर नोंद पक्की. नुसतं शीर्षक जुळून काही होत नाही. 'एका सद्गृहस्थाचे व्यक्तिचित्र' या नावाची चित्रं एकेका प्रदर्शनात अर्धा डझन सापडतील.

दरबारी आणि संस्थांच्या चित्रांत आणखी एक भानगड असते. एकाच फोटोवरून तीन-चार प्रती रंगवल्या जात. एक वाड्यात, एक शाळेत, एक नगरपालिकेच्या सभागृहात. सगळ्यांवर सही तीच. प्रदर्शनाला त्यांतली कुठली गेली हे माप आणि पाठीवरचा क्रमांक यांवरूनच कळतं.

भवानीमंडप :
मापावरून आठवलं. विलायती तयार कॅनव्हास ठरलेल्या मापांत यायचे आणि आपल्याकडच्या व्यक्तिचित्रांत ती मापं वारंवार दिसतात : ३० × २५, ३६ × २८, ५० × ४० इंच. माप यांच्या जवळपास असूनही नेमकं नसेल तर चित्र कापलंय, दुमडलंय किंवा कडा फ्रेमखाली गेल्यात, हे तपासायचं. फ्रेमच्या खाचेखाली चारी बाजूंनी पाव-अर्धा इंच झाकला जातोच. म्हणून फॉर्मात कधीही फ्रेममधून दिसणारं माप लिहू नका. फ्रेममधून काढून, स्ट्रेचरच्या कडेपासून कडेपर्यंत, सेंटिमीटरमध्ये, उंची आधी.

पंचगंगाकाठ :
कागद अखंड निघाला. आत हे सापडलं :

१. स्ट्रेचर देशी लाकडाचा, कडेपासून कडेपर्यंत ३० × २५ इंच, कोपरे खिळ्यांनी पक्के, पाचरी बसवायला खाचाच नाहीत.
२. खालच्या पट्टीच्या आणि कॅनव्हासच्या फटीत वाळलेल्या झेंडूचा चुरा, चुन्याचे पोपडे, दोन गंजलेल्या चुका आणि एक सुटी पाचर. नेमकं तिथेच पुढून कॅनव्हासला फुगवटा आहे.
३. कॅनव्हास वर, खाली आणि डावीकडे मागे दुमडलेला. दुमडलेल्या भागावर रंग आहे! वर चार इंच, खाली दोन, डावीकडे तीन.
४. कॅनव्हासच्या पाठीवर ब्रशने चित्रकाराचं नाव, 'कोल्हापूर' आणि एक आकडा. त्याखाली लेबल होतं असा चौकोनी डाग, लेबल नाही.

जुनीचौकट :
अहो, मग उत्तर तुम्हीच दिलंत की. ३० मध्ये वरचे-खालचे सहा मिळवा, २५ मध्ये डावीकडचे तीन. ३६ × २८. भवानीमंडप म्हणतात तेच माप.

आता उलट क्रमाने बघा. मूळ चित्र ३६ × २८, पाचरींच्या स्ट्रेचरवर. तुम्हाला सापडलेली सुटी पाचर त्याचीच, कारण सध्याच्या चौकटीत पाचर बसायला जागाच नाही. नंतर कुणीतरी हाताशी असलेल्या ३० × २५ च्या फ्रेमसाठी चित्र दुमडलं आणि पक्क्या चौकटीवर ठोकलं. म्हणजे आत्ताची फ्रेम दुमडल्यानंतरची, आणि तिच्यावरची पितळी पट्टी त्याहूनही नंतरची. पदक मिळालं असेलही, पण ही पट्टी त्याची साक्षीदार नाही. कुणाच्या तरी आठवणीवरून कोरून घेतलेली आहे. कॅटलॉगमध्ये शोधताना ३६ × २८ शोधा आणि पाठीवरच्या आकड्याशी ताडून बघा. पट्टीवरचं साल धरून बसलात तर चुकीच्या कॅटलॉगात वेळ घालवाल.

दुमडलेला भाग उलगडून बघायचा मोह होईल. नको. घडीवर रंग कधीच तुटलेला असतो, उलगडला की पट्टीने गळतो. ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुनी चित्रं शास्त्रशुद्ध दुरुस्त करणाऱ्याचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे. चित्र मुंबईला जाणारच असेल तर हे काम त्या फेरीत जोडता येईल का ते विचारा.

तिरकाउजेड :
आणि ती सुटी पाचर छोट्या पाकिटात घालून, वर 'खालच्या पट्टीमागे सापडली' असं लिहून फाइलला लावा. हसू नका कुणी. आत्ता तिच्यामुळेच चौकट बदलल्याचं पक्कं झालं.

झेंडूचा चुरा काढताना कॅनव्हास मागून दाबायचा नाही. चित्र उभं धरून मऊ ब्रशने तो फटीतून बाजूला सरकवत न्यायचा, व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमल बांधून जवळ धरायचं. फुगवटा लगेच बसत नाही, त्याला वेळ द्या. मागून ओला बोळा फिरवून फुगवटा बसवायची जुनी युक्ती आहे, ती करू नका. पाण्याने रंगाखालचा सरसाचा थर फुगून नरम पडतो, कापड आकसतं आणि पुढचा रंग सुटतो.

रंकाळावेस :
अवांतर, पण विषयाला धरून. लेबलावाचून काय होतं त्याचं सर्वांत मोठं उदाहरण कोल्हापूरशी जोडलेलं आहे. हातात दिवा धरलेली, एका तळव्याने ज्योत झाकणारी ती बाई. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली. निम्म्या घरांतल्या कॅलेंडरवर आणि सगळ्या व्हॉट्सअॅपवर ती राजा रविवर्म्याच्या नावाने फिरते. चित्र सावळाराम हळदणकरांचं आहे, सावंतवाडीचे, १८८२ ते १९६८. दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता, आणि त्या २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी कोल्हापुरातच वारल्या.

रविवर्म्याचं नाव का चिकटलं हेही उघड आहे. त्याच संग्रहालयात रविवर्म्याची बरीच चित्रं आहेत. बघणारा एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो आणि डोक्यात एकच नाव घेऊन बाहेर पडतो. खरं तर माध्यमावरूनच कळायला हवं. रविवर्मा ओळखला जातो तैलरंगासाठी आणि हे आहे जलरंगात. जलरंगात पांढरं सहसा वरून चढवत नाहीत, कागद राखून ठेवतात. बोटांमधून फाकणारा तो लालसर उजेड म्हणजे पातळ थरांखालून दिसणारा कागद आहे.

भवानीमंडप :
रंकाळावेस, त्यातही एक गाठ आहे. चित्राचं साल सगळीकडे १९४५-४६ लिहितात. त्या वारल्या तेव्हाच्या बातम्यांत 'बारा वर्षांची असताना वडिलांनी चित्र काढलं' असंही छापून आलं. २०१८ मध्ये १०२ म्हणजे जन्म १९१६ च्या आसपास. बाराव्या वर्षी १९२८. १९४५ ला त्या २९-३० च्या होतात. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, आणि चित्रातली बाई तर बारा वर्षांची दिसतच नाही, साडीत असली म्हणून काय झालं.

शीर्षकांचंही तेच. 'ग्लो ऑफ होप' आणि 'वुमन विथ द लॅम्प', दोन्ही चालतात. उद्या कुणी एका नावाने कॅटलॉग चाळला तर दुसऱ्या नावाची नोंद हातातून निसटणार. फॉर्मात अशा वेळी एक निवडून दुसरं पुसायचं नसतं. दोन्ही लिहायची, प्रत्येकापुढे कुठून आलं ते लिहायचं.

खासबाग :
आणि ते चित्र अंधाऱ्या खोलीत लावतात म्हणून खरा दिवा लागल्यासारखं वाटतं, हे सगळे सांगतात. ते नुसतं नाटक नाही. जलरंगाला अंधारच मानवतो.

तिरकाउजेड :
बरोबर. जलरंग, कागद, कापड यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत. तैलचित्राला १५० ते २०० चालतो. लक्स आणि तास यांचा गुणाकार धरायचा. ५० लक्सखाली रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास झाले. तेच चित्र खिडकीसमोर ठेवलं, जिथे दिवसा हजार लक्स सहज असतात, तर एवढा डोस साडेचार दिवसांत संपतो. उडालेला रंग अंधारात ठेवला म्हणून परत येत नाही. म्हणून जलरंगाच्या प्रदर्शन-इतिहासात किती दिवस, किती लक्सखाली हेही नोंदवायचं असतं. पुढचं कर्ज द्यायचं की नाही हे त्या आकड्यांवर ठरतं.

(कर्ज म्हणजे चित्राचं कर्ज. संग्रहालयांत तोच शब्द आहे, बँकेचा संबंध नाही.)

पंचगंगाकाठ :
सद्यस्थितीच्या रकान्यात काय लिहायचं? 'चांगली' लिहून भागेल का?

तिरकाउजेड :
'चांगली' लिहिलंत तर परत येताना जे काही झालेलं असेल ते तुमच्याकडूनच गेलं होतं असं ठरेल. जागा सांगून लिहायचं. चित्राच्या फोटोवर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडा आणि प्रत्येक दोष त्याच्या चौकोनात दाखवा.

काच काढल्यावर तीन प्रकारच्या उजेडात बघा. समोरून साधा. मग तिरका, त्यात फुगवटे, रंगाच्या उचललेल्या कडा, भेगा दिसतात. मग पूर्ण अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. जुनं राळेचं व्हार्निश हिरवट धुक्यासारखं चमकतं आणि नंतर कुणी 'टच-अप' केलेलं असेल ते काळ्या डागांसारखं दिसतं. संस्थांच्या चित्रांत ते हमखास असतं, बहुतेक वेळा बोर्ड रंगवणाऱ्याकडून इनॅमल पेंटने केलेलं.

पुण्यतिथीला हार-गंध लावलेल्या चित्रांत आणखी काही जागा ठरलेल्या आहेत. कपाळ बघा. काच लावायच्या आधीच्या काळात गंध थेट कॅनव्हासवर लागलेलं असतं, मग कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलेलं, मग उडालेला रंग कुणीतरी भरलेला. तिथे पंचवीस पैशांच्या नाण्याएवढा काळा गोल सापडतो. हळद सांडलेली असेल तर ती अतिनील उजेडात पिवळी-हिरवी झगझगते, साध्या उजेडात नजरेतून सुटली तरी. खालची कड बघा. हाराचं पाणी काचेवरून ओघळून फ्रेमच्या खाचेत साठतं आणि तिथून कॅनव्हासची खालची कड पिते. चुका गंजतात त्या त्यानेच. तुमच्या दोन सापडल्याच आहेत.

आणि काच काढण्याआधीच ती रंगाला टेकलीय का हे बघा. बाजूने टॉर्च मारला की टेकलेल्या जागी ओलसर चकचकीत डाग दिसतो. तसं असेल तर काच उचलायची नाही, रंग तिच्याबरोबर येतो. टेकलेली नसेल तर परत बसवताना मध्ये ३ ते ५ मिलिमीटरची लाकडी पट्टी खाचेतून चारी बाजूंनी घाला.

पाठवण्याआधी चित्र साफ करायचं नाही. बटाटा, पाव, थुंकी, खोबरेल, जवसाचं तेल, यांतलं काही नाही. मागून तेल पाजलं की कॅनव्हास 'जिवंत' होतो अशी समजूत अजून आहे. तेल आत जातं, काळवंडतं, कापड ठिसूळ होतं आणि ते परत काढता येत नाही.

रंकाळावेस :
पावसाळ्यातलं एक. जुलैत बघितलंत तर कॅनव्हास ढिला लोंबतोय असं वाटेल. लगेच ताणायचा नाही. ओलाव्याने आतला सरस नरम पडतो म्हणून तो सैल होतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आपोआप ताठ होतो. पावसात पाचरी ठोकून ताणलेला कॅनव्हास जानेवारीत जास्तीचा ताणला जातो आणि कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडतात. सतत ८०-८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की कापड स्वतःच आकसतं आणि रंगाला वर ढकलतं, ते वेगळंच.

म्हणून कर्जाच्या तारखा हातात असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी मागा. ऑगस्टात इथून निघालेलं चित्र मुंबईच्या ५० टक्क्यांच्या एसीत उतरलं तर एका रात्रीत ३०-३५ टक्क्यांची घसरण होते. संग्रहालयं साधारण ४० ते ६० टक्के आणि दिवसाला १० च्या आतला चढउतार मानतात.

खासबाग :
आता पेटी. कोल्हापुरात पेटी चांगली होते, फक्त सुताराला कपाट करायला सांगतोय असं वाटू देऊ नका.

फ्रेमचं बाहेरून माप ३८ × ३३ × ४ इंच धरू. चारी बाजूंनी आणि पुढेमागे २ इंच फोम. म्हणजे पेटी आतून ४२ × ३७ × ८. १२ मिलिमीटर प्लायचे दोन्हीकडून मिळवून बाहेरून ४३ × ३८ × ९ च्या घरात, वर बाहेरच्या पट्ट्या वेगळ्या. नुसत्या प्लायचंच वजन २२-२४ किलो भरतं, चित्रासकट ३५-४० होतं. दोन माणसांची उचल. खाली अडीच-तीन इंचांचे ठोकळे पाहिजेतच, नाहीतर उतरवताना बोटं अडकतात आणि पेटी आपटते. पेटी कुणी रागाने आपटत नाही, बोटं चिमटतात म्हणून आपटते.

झाकणाला खिळे नाहीत, स्क्रू, आणि शक्यतो नट-बोल्ट, कारण ती पेटी निदान चार वेळा उघडणार. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, पाहिजे त्या मापाचे मिळतात. फोम पॉलिथिनचा, दाट. थर्माकोल नको, तो एकदा दबला की परत उठत नाही आणि त्याचे मणी सगळीकडे जातात. गादीचा स्पंज तर नकोच, वर्षा-दोन वर्षांत चिकट होतो.

चित्राला आधी आम्लमुक्त टिश्यू, मग पॉलिथिन. बबल रॅप वापरलात तर फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवून उन्हात ट्रक उभा राहिला तर व्हार्निशवर गोल-गोल ठसे उठतात आणि ते कायमचे. काच राहणार असेल तर तिच्यावर सहज निघणारी टेप उभी-आडवी जाळीसारखी मारा, टेप फ्रेमवर नको, सोनेरी वर्ख तिच्याबरोबर निघतो. फुटली तर तुकडे जागच्या जागी राहतात. जमलं तर काचेऐवजी अॅक्रिलिक.

पेटी ट्रकमध्ये उभी, आडवी कधीच नाही, आणि चित्राची सपाट बाजू गाडीच्या चालण्याच्या दिशेला समांतर. ब्रेक लागला की कॅनव्हास पुढेमागे ढोलासारखा थरथरतो, तो थरथरायला नको म्हणून. त्याच कारणाने मागे हार्डबोर्डऐवजी ३-४ मिलिमीटरची पन्हळी प्लास्टिकची शीट स्ट्रेचरला स्क्रूने लावा. धूळ, झेंडू, सगळंच थांबतं.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवू का, हे कुणी विचारायच्या आधीच सांगतो : नाही.

भवानीमंडप :
पेटी मुंबईत पोचल्यावर २४ तास तशीच बंद ठेवायची, दालनातच. दमट हवेतून आलेली पेटी थंड-कोरड्या दालनात लगेच उघडली की कॅनव्हासला एकदम कोरड्या हवेचा धक्का बसतो. परत आल्यावर इथेही तेच, थंड चित्र दमट हवेत उघडलं की त्याला घाम येतो. आणि इथे ठेवाल ती तळमजल्यावर नको. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं ते कुणाला सांगायला नको.

परत लावताना पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ती पावसाळाभर ओली असते. एका खिळ्यावर सुतळीने टांगायचं नाही. फ्रेमच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांना दोन डी-रिंगा, भिंतीत दोन हूक, खालच्या कोपऱ्यांना अर्धा-पाऊण इंचाचे बुचाचे ठोकळे. मागून वारा खेळला पाहिजे.

जुनीचौकट :
कागदपत्रांचं थोडक्यात. विमा 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' घ्यायचा, म्हणजे तुमच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत लागेपर्यंत, आणि तो मागणाऱ्याने भरायचा. किंमत आधी लेखी ठरवलेली. स्थिती-अहवालाच्या दोन प्रती, निघताना आणि पोचल्यावर दोन्हीकडच्या सह्या. चित्र प्रदर्शनाखेरीज दुसरीकडे हलवायचं नाही, तुमच्या लेखी परवानगीशिवाय फ्रेममधून काढायचं नाही. देशाबाहेर न्यायचा विचार नंतर निघाला आणि चित्र शंभर वर्षांचं भरत असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते हलत नाही.

कॅटलॉगात फोटो छापण्याचा हक्क वेगळा. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या जानेवारीपासून मोजून. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, त्यांच्या चित्रांचा हक्क २०१४ अखेर संपला. हळदणकर १९६८, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तुमच्या संस्थेने मानधन दिल्याची नोंद जुन्या जमाखर्चाच्या वहीत असेल. ती शोधाच. तिच्यात साल सापडेल, आणि बहुतेक मापही.

पंचगंगाकाठ :
वही सापडली. 'तैलचित्र, फ्रेमसह' अशी नोंद आहे, रकमेसकट. आणि त्यानंतर सात वर्षांनी सुताराला 'तसबीर लहान करणे व नवी चौकट' याचे पैसे दिलेत. पितळी पट्टीचा खर्च आणखी अकरा वर्षांनी, शताब्दीच्या सजावटीत. आता रकान्यात नेमकं काय लिहू?

जुनीचौकट :
वा. सुताराने चित्र लहान केलं हे इतक्या सरळ शब्दांत लिहून ठेवणारा कारकून भेटायला भाग्य लागतं.

असं लिहा :

तैलरंग, कॅनव्हास. सध्याचं माप ७६.२ × ६३.५ सेंमी. मूळ माप ९१.४ × ७१.१ सेंमी, वर, खाली व डावीकडे मागे दुमडलेलं, दुमडलेल्या भागावर रंग आहे. सही उजवीकडे खाली, साल नाही. पाठीवर ब्रशने चित्रकाराचं नाव, 'कोल्हापूर' आणि क्रमांक. त्याखाली हरवलेल्या लेबलाचा डाग (माप द्या, फोटो जोडा). खाकी कागदावर दोन लेबलं व खडूचा आकडा, कागद काढून जतन.

प्रदर्शनांचा इतिहास : पाठीवरील क्रमांक व हरवलेल्या लेबलाचा डाग यांवरून, चित्र लहान करण्यापूर्वी प्रदर्शनात गेलं असण्याची शक्यता. कॅटलॉगशी ताडणी चालू.

पदकाची पट्टी या रकान्यात नको. ती फ्रेमच्या वर्णनात लिहा, वहीतल्या खर्चाच्या सालासकट.

आणि दिलेली सेंटिमीटरची मापं मी इंचांवरून काढलीत. पाठवण्याआधी टेप लावून मोजा, जुन्या सुताराचे ३० इंच म्हणजे ३० च असतील असं नाही.